मिशनच्या शाळेत बाटले किती?

दापोलीच्या ए. जी. हायस्कूलचा विषय निघाला की पुण्या-मुंबईची मंडळी हमखास विचारतात, "मिशनची शाळा ना ती? मग बाटले किती?" तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ए. जी. म्हणजे आल्फ्रेड गॅडने, एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनचे पाद्री. त्या काळी दापोली म्हणजे आडबाजूचा मुलूख. मुंबईहून आगबोटीने हर्णैला यायचं. बोट बंदराला लागायचीच नाही, लांब पाण्यात उभी राहायची. मग गाठोडी सांभाळत पडावात उतरा, किनारा गाठा आणि पुढे चढण चढून दापोली. पण इथे इंग्रजांचा कॅम्प होता. कॅम्पामागून मिशन आलं आणि मिशनबरोबर इंग्रजी शिक्षण.

आता पालकांचा हिशेब बघा. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत पिकणार किती? मुलगा मॅट्रिक झाला तर कारकून, मास्तर, नशीब असेल तर वकील. घरात सोवळंओवळं कडक, तरी भटा-बामणांनी पोरं बिनदिक्कत पाद्र्याच्या शाळेत घातली. इंग्रजी घ्यायची, बायबल तिथेच ठेवून यायचं. पांडुरंग वामन काणे 1897 मध्ये याच शाळेतून मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला आणि 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. बाटण्याचं विचारणाऱ्याला मी आधी हे नाव सांगतो! पालगडचे साने गुरुजीही इथेच शिकले. नगर जिल्ह्यात मिशनऱ्यांमुळे बरेच लोक ख्रिस्ती झाले, तसं दापोलीत घडलं नाही. शाळा पुढे स्थानिक संस्थेकडे आली, नाव मात्र गॅडनेसाहेबांचंच राहिलं.

खरं तर विचारायला हवं ते वेगळंच. याच कॅम्पात पलटणीतून निवृत्त झालेले महार सैनिक राहत होते. त्यांनाही मुलं शिकवायची होती, आणि पलटणीत राहिल्यामुळे शाळेचं मोल त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण 1890 च्या दशकात नगरपालिकेच्या शाळेत त्यांच्या मुलांना ओट्यावर बसवत, म्हणून या पेन्शनरांनी सरकारकडे अर्ज केले. धर्म पाद्र्याने बुडवला नाही याचं समाधान मानणारे आपण, या अर्जांबद्दल कुणी विचारत नाही. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ त्याच सुमारास लहानग्या भीमरावासह काही काळ इथे राहिले आणि मग साताऱ्याला गेले.