सिटी व्हीटेकची पुनर्बांधणी, नोंद सहावी: कोड २२ आणि एक ओ-रिंग

मागच्या नोंदीत मी माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकचे पुन्हा बांधलेले इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झाल्याचे मोठ्या आनंदाने लिहिले होते आणि शेवटी ‘आता फक्त रनिंग-इन उरले’ (म्हणजे इंजिन बेताने चालवून नवे भाग रुळवणे) असेही एक वाक्य घातले होते. ते वाक्य मी मागे घेतो. जेमतेम सहाशे किलोमीटर चालल्यावर पाच आठवडे गाडी गॅरेजमध्ये होती, त्यातले दोन आठवडे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, पुन्हा उतरवलेल्या अवस्थेत. आणि गेल्या रविवारी, इंजिन उघडल्यापासून तब्बल अकरा महिन्यांनी, व्हीटेक (जास्त आरपीएमला तेलाच्या दाबाने व्हॉल्व्ह अधिक उघडणारी होंडाची यंत्रणा) पहिल्यांदा उघडले.

आधी जे सुरळीत झाले ते थोडक्यात सांगतो. ब्लॉकचे सिलिंडर ७५ मिलिमीटरवरून ०.२५ मिलिमीटर मोठे बोअर केले होते, हे आधीच्या नोंदींत आलेच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ज्या वयस्कर कारागिराने ते काम केले, त्यांनी पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंगला हात लावणार नाही असे ठणकावून सांगितले होते, आणि त्या आग्रहाचे फळ आता दिसते आहे. पूर्वी तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन ८.५ किलोपर्यंत (दर चौरस सेंटिमीटरला) घसरले होते. आता चारही सिलिंडर १२.८ ते १३.२ किलोच्या दरम्यान आहेत. वरच्या रिंगची गॅप चारही ठिकाणी ०.२२ ते ०.२६ मिलिमीटर भरली होती. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ वर बसवले आहेत. धूर नाही, तेल पिणे नाही. पुनर्बांधणी यशस्वी झाली असे म्हणायला एवढे पुरेसे होते, फक्त ज्या गोष्टीसाठी ही गाडी घेतली तीच गोष्ट चालत नव्हती.

रनिंग-इनचे पहिले ५०० किलोमीटर मी ४,००० आरपीएमच्या खाली काढले, त्यामुळे दोष लपून राहिला. त्यानंतर तेल बदलून पहिल्यांदा काटा ५,००० च्या पुढे नेला, तेव्हा आवाज बदलला नाही, खेच वाढली नाही, आणि दोन क्षणांत चेक इंजिनचा दिवा लागला. पायाजवळचा दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर तारेने जोडून पाहिला, तर दिव्याने दोन लांब आणि दोन आखूड उघडझाप केली. कोड २२, म्हणजे व्हीटेकचा प्रेशर स्विच. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, सोलेनॉइडला (तेलाची वाट उघडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला) आज्ञा दिली, पण तेलाचा दाब आल्याची पोच स्विचकडून मिळाली नाही, म्हणून त्याने व्हीटेक बंद करून टाकले, असा त्याचा अर्थ.

येथे माझी पहिली चूक झाली. कोडमध्ये स्विचचे नाव आले म्हणून मी स्विचच बदलला. बाजारातून आणलेला नकली स्विच बसवला, कोड पुन्हा आला. मग त्याच्या चौपट पैसे मोजून अस्सल स्विच मागवला, तरी कोड आलाच. कोड आपल्याला तक्रार कोणाची आहे ते सांगतो, दोष कोणाचा ते सांगत नाही, हे मी इतरांना अनेकदा ऐकवले आहे. स्वतःच्या गाडीच्या वेळी मात्र सोयीस्करपणे विसरलो. सोलेनॉइडचा रोध २२ ओहम भरला, म्हणजे १४ ते ३० च्या मर्यादेत. थेट १२ व्होल्ट दिले की टक् असा आवाज स्पष्ट येत होता. त्याच्या खालची जाळीची पॅकिंग काढून पाहिली, तर ती आरशासारखी स्वच्छ होती. वायरिंग ईसीयूच्या प्लगपासून सोलेनॉइडपर्यंत तपासले, त्यातही काही नव्हते.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. माझ्या परिचयाच्या एका मिस्त्रींचे मत होते की नव्या इंजिनात तेल पातळ पडते, सरळ जाड २०डब्ल्यू-५० घाला. मी ते मानले नाही, आणि आजही मानत नाही. जाड तेलाने दाबाच्या घड्याळाचा काटा वर चढतो, पण त्याने अरुंद वाटेतून जास्त तेल जात नाही. उलट कमीच जाते. शिवाय ज्या इंजिनात बेअरिंगचा क्लिअरन्स प्लास्टिगेजने मोजून मर्यादेत बसवला आहे, त्यात जाड तेल ओतणे म्हणजे आपल्याच मोजमापावर अविश्वास दाखवणे होय.

त्यामुळे अंदाज बाजूला ठेवून दाब मोजायचे ठरवले. सुरुवात ब्लॉकवरच्या ऑइल प्रेशर स्विचच्या जागेपासून केली. ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी एक सूचना: त्या जागेचे आटे १/८ बीएसपी आहेत, इंचाला २८. परदेशातून मागवलेल्या बहुतेक घड्याळांसोबत एनपीटी आट्यांची जोडणी येते, ती इंचाला २७ आट्यांची असते. दोन फेरे सहज बसते, तिसऱ्या फेऱ्याला पान्याचा जोर लावला की ॲल्युमिनियम गेले म्हणून समजा. बीएसपीची जोडणी आपल्याकडे हायड्रॉलिकच्या कोणत्याही दुकानात मिळते. घड्याळ लावल्यावर गरम इंजिनाला आयडलवर ०.९ किलो आणि ३,००० आरपीएमला ३.९ किलो दाब मिळाला. होंडाची किमान अपेक्षा अनुक्रमे ०.७ आणि ३.५ ची आहे. म्हणजे पंप निर्दोष होता आणि बेअरिंगही निर्दोष होती. खरे सांगायचे तर त्या रात्री मला थोडी निराशाच वाटली, कारण पंप खराब निघाला असता तर प्रश्न तिथेच संपला असता.

दुसरे मोजमाप व्हीटेकच्या प्रेशर स्विचच्या जागी घ्यायचे होते. त्यासाठी उद्यमनगरातून लेथवर एक जोडणी करून घेतली. गाडी उभी असताना व्हीटेक कधीच उघडत नाही, कारण ईसीयूला पाण्याचे तापमान, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार या सगळ्यांची खात्री लागते. म्हणून सोलेनॉइडला बॅटरीवरून थेट वीज दिली. वीज नसताना काटा शून्याजवळ होता, जसा असायला हवा. वीज दिल्यावर ३,००० आरपीएमला तो दोन किलोपर्यंत चढला आणि तिथेच अडकला; इंजिन चांगले तापल्यावर दीड किलोच्याही खाली आला. एवढ्या दाबात रॉकर आर्मच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) पिना सरकत नाहीत, आणि त्या सरकल्या नाहीत तर मधला, उंच लिफ्टचा कॅम नुसताच फिरत राहतो.

ब्लॉकमध्ये ३.९ आणि हेडमध्ये दोन. मधली तूट कुठे जाते, याची दोनच उत्तरे संभवत होती: एक तर हेडमध्ये तेल कुठूनतरी गळते आहे, किंवा हेडपर्यंत ते पुरेसे पोहोचतच नाही. पहिले खरे असेल तर रॉकर शाफ्ट आणि कॅमचे जर्नल संशयित. दुसरे खरे असेल तर वाट तुंबलेली. यावर मी तीन दिवस वह्या भरल्या आणि शेवटी एक साधी युक्ती सुचली. दोन्ही जागी एकाच वेळी घड्याळे लावली आणि सोलेनॉइड चालू-बंद करत राहिलो. हेडमध्ये मोठी गळती असती तर व्हॉल्व्ह उघडताच ब्लॉकमधला काटाही खाली यायला हवा होता, कारण पंप तेच तेल दोन्हीकडे पुरवतो. ब्लॉकचा काटा जागचा हलला नाही. म्हणजे तेल गळत नव्हते, अडत होते. या संपूर्ण प्रकरणात मला खरे समाधान देणारा क्षण हाच होता. नंतरचे सगळे फक्त पाने फिरवणे.

कुठे अडते आहे, हे मात्र मला गोव्यातल्या एका मित्राने सुचवले. त्याने स्वतः साध्या दीड लिटरच्या ब्लॉकवर व्हीटेकचे हेड बसवले आहे आणि त्या उद्योगात तेलाच्या वाटेचा त्याचा पुरेसा छळ झाला आहे. सगळे आकडे ऐकून त्याने एवढेच म्हटले, “अरे, ब्लॉकमधली जेट परत बसवताना पाहिलीस का नीट?” माझ्या ब्लॉकच्या वरच्या फेसवर, जिथून तेल हेडकडे जाते त्या भोकात, बारीक छिद्राची एक छोटी जेट बसते आणि तिच्याभोवती एक ओ-रिंग असते. ब्लॉक धुण्याआधी मी ती काढली होती. परत बसवताना गॅस्केट सेटमधली ओ-रिंग सापडेना, रात्रीचे अकरा वाजले होते, हेड चढवायची घाई होती, आणि माझ्याकडे मिश्र मापांच्या ओ-रिंगांचा एक डबा होता. मापाला जवळची वाटली ती लावली. किंचित जाड होती, म्हणून अंगठ्याने दाबून बसवली. हे मी चौथ्या नोंदीत लिहिले नव्हते, कारण त्या वेळी ते लिहिण्याजोगे वाटलेच नव्हते.

हेड उतरवणे ओघाने आले. बोल्ट ठरलेल्या क्रमाने एक-एक तृतीयांश फेरा सैल केले, नाहीतर हेड वाकायचे. नवीकोरी हेडची पॅकिंग, जिने जेमतेम सहाशे किलोमीटर काम केले होते, ती कचऱ्यात गेली. जेट चिमट्याने उचलली तेव्हा ओ-रिंगचा एका बाजूचा काठ सोललेला दिसला, आणि चंद्रकोरीसारखी निघालेली ती काळी साल जेटच्या तोंडावर आडवी बसलेली होती. खात्रीसाठी हेडशिवायच इंजिन सेल्फने फिरवले. या इंजिनाचा ऑइल पंप थेट क्रँकवर असल्याने टायमिंग बेल्ट नसला तरी तेल चढते. सालीसकट नुसते पाझरत होते. जेट साफ करून अस्सल ओ-रिंगसह बसवल्यावर सरळ धार उठली आणि माझ्या शर्टावर आली. त्या अस्सल ओ-रिंगची किंमत दोन चहांएवढी आहे.

हेड उतरलेलेच आहे म्हणून मनात अनेक मोह आले. इनटेकच्या वाटा घासून मॅनिफोल्डशी जुळवून घ्याव्यात, जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन शोधावेत, असे दोन दिवस चालले होते. एका पुरवठादाराकडून किंमतही मागवली, पण पिस्टनचे वजन ग्रॅममध्ये सांगता येत नाही असे उत्तर आल्यावर तो विषय संपला. शिवाय २००३ मध्ये नवी सिटी ७७ अश्वशक्तीचे आय-डीएसआय इंजिन घेऊन आली, तेव्हापासून या जुन्या १०६ अश्वशक्तीच्या गाडीची जी किंमत आपल्यासारख्यांच्या मनात आहे, ती तिच्या मूळ रूपासाठीच आहे. हेडची पातळी सरळपट्टीने तपासली, ०.०३ मिलिमीटरची पात जेमतेम शिरली, मर्यादा ०.०५ ची असल्याने फेसिंगही केले नाही. व्हॉल्व्ह सील तेवढे पुन्हा पाहिले आणि हेड चढवले.

डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचे कायमचे घड्याळ लावायचे, असे हा परिच्छेद सुरू करेपर्यंत ठरले होते. पण लिहिताना लक्षात येते की ब्लॉकवरच्या घड्याळाने मला या दोषाची काहीच खबर दिली नसती. ते शेवटपर्यंत उत्तम आकडा दाखवत होते. त्यापेक्षा व्हीटेकच्या बाजूला टी जोडणी घालून दुसरा स्वतंत्र प्रेशर स्विच आणि त्यावर एक लहान दिवा लावला, तर दाब खरोखर आला की नाही ते चालवताना दिसेल. मूळ स्विचच्या तारेवरच दिवा जोडणे सोपे आहे, पण त्या तारेवरूनच ईसीयू पोच घेतो, तिथे ढवळाढवळ नको. लेथवर केलेली जोडणी हाताशी आहेच. घड्याळाचा बेत रद्द.

रविवारी पहाटे निपाणी ओलांडून तवंदी घाटाकडे गेलो. दुसऱ्या गिअरमध्ये चढावर काटा सावकाश वर नेला. साधारण ४,९०० ला आवाजाचा पोत बदलला, आधीचा घरघरीत सूर एकदम खरखरीत आणि मोकळा झाला, आणि गाडीने पाठीला रेटा दिला. रनिंग-इन पूर्ण झालेले नाही म्हणून ५,५०० ला पाय काढला. पुढच्या वळणावर पुन्हा केले. त्याच्या पुढच्या वळणावरही केले, त्याची तांत्रिक गरज नव्हती. दिवा लागला नाही.

घरी येऊन बॉनेट उघडले तर डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या) खाली तेलाचा ताजा ओघळ. बाहेरची ओ-रिंग असेल तर अर्ध्या तासाचे काम आहे; आतले सील असेल तर डिस्ट्रिब्युटर उघडावा लागेल, आणि तो कोणी घरी यशस्वीपणे उघडला असल्यास बेअरिंग कसे काढले ते जरूर कळवावे. ओ-रिंगची मागणी सोमवारी नोंदवली आहे, सुट्या भागाच्या क्रमांकानिशी. मिश्र मापांचा डबा शेजारी पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या काकांना देऊन टाकला.