रवण अपडेट: विट्याचा उन्हाळा, इनक्युबेटर आणि सोन्याचा काटा

तर मंडळी, मेमध्ये इनक्युबेटरला उबवायला लावलेल्या कोंबडीच्या अंड्यांच्या बॅचचं, म्हणजे रवणाचं, अपडेट द्यायचं राहिलं होतं. पिल्लं निघालीत, ब्रूडरमध्ये (पिल्लं उबेत ठेवायची जागा) दिवसभर किलबिल चालूय आणि घरातले वैतागलेत.

अंडी घरच्या गावठी कोंबड्यांचीच, सगळी आठवड्याच्या आतली, निमुळतं टोक खाली करून ठेवलेली. मशीन पंखावालं आहे म्हणून ३७.५ डिग्रीला सेट, बिनपंख्याची पेटी असेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून ३८.५ च्या आसपास धरायचं. मशीन मुद्दाम जुन्या माळवदाच्या (मातीच्या छताच्या) खोलीत ठेवलंय. कारण आमच्या विट्याकडं (सांगली जिल्हा) मेमध्ये पत्र्याच्या शेडात दुपारी चाळिशी सहज पार होते, आणि मशीनला गरम करता येतं, गार करता येत नाही. हे बरेच जण विसरतात. अंडं थोडा वेळ गार पडलं तर एवढं बिघडत नाही, खुडूक (अंड्यांवर बसलेली) कोंबडीसुद्धा रोज चरायला उठतेच की, पण ४० च्या वर काही तास गेलं की आतलं पिल्लू संपलं समजा.

आता मुख्य मुद्दा, आर्द्रता. सगळीकडं लिहिलेलं असतं पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि नंतर ६५ ते ७०. ते खरंय, पण आपल्या त्या स्वस्तातल्या मीटरवर विश्वास कोण ठेवणार, दोन मीटर शेजारी ठेवले तर दोघांचे आकडे वेगळे. म्हणून यावेळी मी मीटरकडं बघणं कमी केलं आणि अंडी तोलली. चुलतभाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहे (विट्यात कुणाचा नाही म्हणा), त्याच्याकडनं सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा आणला, तो अजून हसतोय.

हिशोब सोपाय. उबवताना अंड्यातलं पाणी कवचाच्या बारीक भोकांतनं उडतं आणि रुंद बाजूची हवेची पोकळी वाढत जाते. १८ व्या दिवसापर्यंत साधारण १२ टक्के वजन घटलं पाहिजे. म्हणजे ४५ ग्रॅमचं अंडं तेव्हा ३९.५ च्या जवळ यायला हवं, आणि सातव्या दिवशी ४३ च्या आसपास. कमी घटलं तर आत पाणी राहतं, पिल्लू फुगलेलं होतं आणि चोच मारायला हवाच मिळत नाही. जास्त घटलं तर पिल्लू बारीक, आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतं. सगळी अंडी तोलायचा कंटाळा असेल तर पेन्सिलीनं खूण करून चार-पाचच तोला, अंदाज येतो.

सुरुवातीला कोरड्या हवेनं वजन भराभर उतरायला लागलं म्हणून पाण्याचं दुसरं भांडं ठेवलं. मग आला वळीव, खोलीतली हवा एकदम दमट, दुसरं भांडं काढलं. वळवात लाईट जाणारच, झाकण अजिबात न उघडता वरनं गोधडी टाकली, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवली. आईचं वेगळंच टेन्शन, ढग गडगडले की रवण नासतं म्हणे, म्हणून तिनं मशीनखाली लोखंडाचा खिळा ठेवला. राहू दिला, खिळ्याचं काय वाकडं होतंय.

कँडलिंगला (अंडं उजेडावर धरून आत बघणं) सातव्या दिवशी लाल शिरा दिसल्या ती ठेवली, क्लिअर होती ती काढली. १८ व्या दिवशी टर्निंग (अंडी फिरवणं) बंद, पाणी वाढवलं आणि झाकणाला हात लावायचा नाही असं घरात जाहीर केलं. पहिलं भोक पडल्यावर पूर्ण बाहेर यायला पिल्लाला चोवीस तास लागू शकतात, तोवर ते उरलेलं बलक पोटात ओढून घेत असतं, उगाच कवच सोलत बसू नका. त्याच बलकावर ते दोनेक दिवस बिनखाण्याचं राहतं, म्हणून नीट वाळून फुललं की मगच ब्रूडरमध्ये.

ब्रूडरमध्ये भाताचं तूस, त्यावर पहिले काही दिवस गोणपाट. पेपर टाकू नका, घसरून पाय फाकतात. पहिला आठवडा ३३ ते ३५ डिग्री, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतीय, कडेला चोच वासून बसली तर उकडतंय, सगळीकडं पसरली तर बरोबर. आमच्याकडं दिवसा बल्ब लागलाच नाही, रात्रीच लावला. आणि एलईडी लावून ऊब येत नाही हो, पिवळा फिलामेंटचा नाहीतर इन्फ्रारेड बघा. तारेनं टांगा, वायरवर लोंबकळत ठेवू नका, तूस पेटायला वेळ लागत नाही.

ढुंगणाला विष्ठा चिकटलेली दिसली की कोमट पाण्यानं पुसायची, ओढायची नाही. राणीखेत रोगाची लासोटा लस ५ ते ७ दिवसांच्या दरम्यान डोळ्यात थेंब. एका बाटलीत शेकड्यानं डोस येतात आणि एकदा कालवली की ठेवता येत नाही, म्हणून गल्लीतल्या तिघा-चौघांनी मिळून बर्फावर आणली.

कडकनाथचं (काळ्या कोंबडीची जात) विचारलंय काहींनी. कडकनाथ पालनाच्या नावाखाली लोकांचे पैसे बुडाले त्या २०१९ च्या इस्लामपूरच्या प्रकरणानंतर आमच्या जिल्ह्यात नाव काढलं तरी लोक तोंड फिरवतात, पण त्यात कोंबडीचा काय दोष. मध्य प्रदेशातल्या झाबुव्याची जात, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली. फक्त ती खुडूक फारशी बसत नाही, त्यामुळं तिला मशीनच पाहिजे.

पुढची बॅच आषाढात. शिराळ्याचा मित्र म्हणतो पावसाळ्यात तो पाण्याचं भांडं ठेवतच नाही, शेवटच्या तीन दिवसांतच ठेवतो. शिराळा, पाटण, महाबळेश्वरकडं कुणी असं करत असेल तर १८ व्या दिवसाचं वजन टाका की.