बोल्टवरचा नंबर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक बागायतदार माझ्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात ३१५ बोअरची रायफल घेऊन आला. त्याला दुर्बीण आणि प्लास्टिकचा नवा दस्ता बसवून हवा होता. परवाना पीक राखण्याचा. शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदच. पण अमेरिकेतल्या स्वस्त शिकारी रायफलींचे व्हिडिओ त्याने मोबाईलवर पाहिले होते. "मेस्त (मिस्त्री), तिथं लोक घरी बसून नळीसुद्धा बदलतात. मग आमच्या रायफलीचंच काय अडलंय?"

प्रश्न रास्त होता. सॅव्हेज अ‍ॅक्सिससारख्या स्वस्त अमेरिकी रायफलीची नळी एका नटाने आवळलेली असते. नट सैल करून, गेज, म्हणजे फट तपासायचं माप, लावून नळी जागेवर आणता येते, म्हणून तिचे सुटे भाग खपतात. ईशापूरच्या कारखान्यातली ३१५ मात्र ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या बांध्याची. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून नळीचं बूड बंद करणारा दांडा, मागच्या बाजूला अडकतो, आणि त्याचे दोन्ही कान, म्हणजे बाजूचे उंचवटे, तो ज्यात सरकतो त्या बॉडीच्या खाचांत सारखे टेकावेत म्हणून ते त्या एकाच बॉडीशी जुळवलेले असतात. दोघांवर एकच नंबर असतो तो यासाठी.

मी नंबर पाहिले. शेवटचे दोन आकडे वेगळे होते.

रानडुकरं हाकलायला बांधाच्या मातीत झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या त्याच्या पिशवीत होत्या. एक उजेडात धरली. बुडाच्या जरा वर, पितळेभोवती बारीक चकाकतं कडं. टोक वाकवलेली तार आत घालून हळूच ओढली, तर त्याच जागी ती खाचेत अडकली. माझे हात गार पडले. बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड यांत फट जास्त असली, की बार उडताना पुंगळीचा पुढचा भाग नळीला घट्ट चिकटतो, बूड मागे रेटलं जातं आणि मधलं पितळ ताणतं. ते फाटलं तर तापलेला वायू मागे, थेट नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो.

"हा बोल्ट कुणाचा?" तो गप्प झाला. मग आठवून म्हणाला, खंडेनवमीला चुलतभावाची आणि त्याची रायफल एकाच पाटावर पुजली होती. बोल्ट काढून बाजूला केळीच्या पानावर ठेवले होते. बोल्ट काढण्याची ती काळजी फार चांगली, हे मी त्याला आवर्जून सांगितलं.

चुलतभाऊ संध्याकाळी वाळपईहून रायफल आणि परवाना घेऊन पोचला. त्याची तक्रार उलटी: बोल्ट तळहाताने ठोकल्याशिवाय बंद होत नव्हता. "कान जरा कानशीने घासणार होतो," तो सहज म्हणाला. घासले असते, तर ते पोलाद परत कुठून आणणार? एक रायफल कायमची गेली असती. बोल्ट अदलाबदल केले, नंबर जुळले. दोन्हींना गेज लावलं. दोन्ही मापात निघाल्या. ताणलेल्या पुंगळ्या मी ठेवून घेतल्या.

दुर्बिणीला मी नकार दिला. तिच्यासाठी बॉडीला भोकं पाडायला माझा हात धजत नाही. दस्ता लाकडीच ठेवला, मागे रबराची गादी बसवली. सुपारीच्या कुळागरात तीसेक पावलांपलीकडे फारसं दिसतच नाही. तिथे नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी ठळक दिसायला हवी. ती साफ करून मी तिला पांढरा ठिपका लावला, आणि दोघे भाऊ अंधार पडायच्या आत निघाले.