पावसाळा नसलेली लढाई

रात्रीची जेवणं आटोपली की तासभर मी मराठ्यांचं राज्य चालवतो. ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा २००९ सालचा गेम, माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपलाही झेपणारा. खेळ सुरू होतो १७०० साली, एक चाल सहा महिन्यांची, आणि खेळायला चक्क मराठे घेता येतात. तो बनलाय इंग्लंडात, हे मी सोयीने विसरतो.

लढाई मात्र बघत राहावी अशी. बंदूकवाल्यांची रांग बार काढते आणि धुरात आपलीच माणसं दिसेनाशी होतात. समुद्रावर तर सगळं वाऱ्याच्या हातात. वारा तोंडावर आला की जहाज रांगायला लागतं, तेवढ्यात गोळा लागून डोलकाठी कोसळते. कान्होजी आंग्र्यांचं नाव घेत मी कितीदा तरी बुडालोय.

शत्रूचं डोकं मात्र यथातथाच. गेम नवा होता तेव्हा कॉम्प्युटरला जहाजात फौज भरून समुद्रापार उतरवणं जमतच नव्हतं. पुढे ती चूक सुधारली, पण तोवर इंग्रज फौज घेऊन हिंदुस्थानात उतरूच शकत नव्हते! जगभरचे खेळाडू वैतागले म्हणतात. मराठ्यांकडून खेळणाऱ्याने कशाला तक्रार करावी? नकाशाही असाच ढोबळ. एक पॅरिस घेतलं की जवळजवळ अख्खा फ्रान्स खिशात.

परवा बाबा पाठीमागे येऊन उभे राहिले. आमचं घर साताऱ्यात, गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो.

“हा कुठला किल्ला?”

“आपलाच.”

“मग डोंगर कुठाय?”

डोंगर नव्हताच. किल्ला युरोपात असतो तसा, चांदणीच्या आकाराचा, सपाट जमिनीवर मांडलेला. बाबांनी खुर्ची ओढली, तेव्हाच मी समजलो की आज आपलं काही खरं नाही.

“एवढे हत्ती, घोडी. चारा कुठून येतो?”

“लागत नाही. फक्त पगार द्यायचा.”

“मग मोगलांना रडवणार कसं?”

हा प्रश्न मला नऊ वर्षांत पडला नव्हता. १७०० च्या एप्रिलमध्ये औरंगजेबाने हाच अजिंक्यतारा घेतला. राजाराम महाराज महिनाभरापूर्वीच सिंहगडावर वारले होते. गेमच्या हिशेबाने तिथेच खेळ आटोपायला हवा, कारण तिथे किल्ला गेला की मुलूख गेला. ताराबाईंचा हिशेब वेगळा होता. किल्ला झुंजवायचा, बादशहाचे महिने खायचे, शेवटी पैसे घेऊन तो सोडायचा आणि त्याची पाठ वळली की परत घ्यायचा. १७०२ च्या जूनमध्ये त्याने विशाळगड असाच मिळवला. परतताना फौज सह्याद्रीच्या पावसात सापडली. ओढे फुगलेले, जनावरं चिखलात रुतून मेलेली. पन्हाळ्यापर्यंतची थोडीशी वाट, पण महिन्याहून जास्त दिवस लागले.

आणि मी मात्र हत्ती पुढे घालून दिल्लीवर निघालेला.

“यात पाऊस कधी येतो?” बाबांनी विचारलं.

“लढाईत पडतात कधी कधी सरी. पण पावसाळा नाही. एक चाल उन्हाळा, एक चाल हिवाळा.”

बाबांनी चष्मा काढून बनियनला पुसला.

“मग औरंगजेबच जिंकणार की,” म्हणाले, आणि झोपायला गेले.