पुन्हा पहिल्यापासून का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर पन्नाशीची बाई रात्री काय खेळते हे कोण आपण होऊन सांगत बसेल? भाचा विचारतो, त्याचे मित्र विचारतात, ऑफिसातला एक मुलगा तर दर सोमवारी विचारतो: 'नो मॅन्स स्काय' या अवकाशातल्या व्हिडिओ गेममध्ये यानं, तळ, कोट्यवधी युनिट्स (तिथले पैसे) असं सगळं जमवून तुम्ही ते सोडून का देता? पुन्हा पहिल्यापासून का?

तर या खेळात तुम्ही जागे होता ते अनोळखी ग्रहावर. यान दूर कुठेतरी मोडून पडलंय, आसपास काय आहे ते दाखवणारा स्कॅनर बंद. ग्रह भाजणारा असेल, गोठवणारा असेल, नाहीतर विषारी. अंगातला सूट वाचवतो, पण त्याची ताकद डोळ्यांदेखत उतरत असते. ती भरायला सोडियम हवं, ते पिवळ्या फुलांत. श्वासाला ऑक्सिजन, तो लाल झाडांत. स्कॅनरसाठी फेराइटची भुकटी, ती दगड फोडून. आणि स्कॅनर सुरू झाल्याशिवाय फुलं नेमकी कुठे आहेत ते कळत नाही! एकदा ताकद संपत आलेली, त्यात वादळ उठलं. समोर काही दिसेना. धडपडत एका गुहेत शिरले. आत सूट आपोआप भरायला लागतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आकडा हळूहळू वर चढताना बघत मी चहा गार होईपर्यंत तिथेच उभी होते. बाहेर पडले तर गुहेच्या तोंडाशीच पिवळं फूल. इतका आनंद मला पुढे मोठं मालवाहू जहाज मिळालं तेव्हाही झाला नाही.

हेच माझं उत्तर आहे खरं तर. हाताशी काही नसतं तेव्हा त्या ग्रहावरचा दगड न् दगड बघावा लागतो. श्रीमंत झालं की ग्रह नुसता खालून निघून जातो.

ग्रहांना तोटा नाही, हीच तर गंमत. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या छोट्याशा कंपनीने 2016 च्या ऑगस्टमध्ये हा खेळ आणला. ग्रह किती, तर 18,446,744,073,709,551,616. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आठवते ना? त्या 64 घरांतल्या सगळ्या दाण्यांपेक्षा बरोब्बर एक जास्त! दर सेकंदाला एक ग्रह बघितला तरी 58,000 कोटींहून जास्त वर्षं लागतील. हे ग्रह कुठे साठवून ठेवलेले नाहीत. तुम्ही जवळ गेलात की एका आकड्यावरून गणिताने ग्रह उभा राहतो, आणि दुसरा कुणी तिथे गेला तर त्यालाही तोच दिसतो.

माणसं मात्र दिसत नव्हती. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. लोक भडकले, आणि रास्तच होतं ते. सांगितलेलं बरंच काही खेळात नव्हतंच. कंपनीने मग वर्षानुवर्षं एकामागून एक भर घातली, पैसे न घेता, आणि 2018 मध्ये एकत्र खेळण्याची नीट सोयही केली. भाचा म्हणतो, ये ना आमच्यात. गेले होते एकदा. तो आणि त्याची मंडळी सतत कुठून तरी कुठे तरी निघालेली असतात.

परवा नवा डाव मांडलाय. ग्रहावर बर्फ आहे. इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव 'माळीण' ठेवलं, का ते विचारू नका. यान दुरुस्त झालंय, पण एका उड्डाणाला टाकीतलं पाव इंधन जातं, म्हणून अजून उडवलेलं नाही. टेकडीपलीकडे काय आहे ते आधी चालत जाऊन बघते.