नांगर न लावता ऊस आणि भाजी

आमच्या सांगलीकडच्या वाळवा भागात ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पेटवायचं, नांगरायचं, वर रोटर मारायचा हे ठरलेलंच, पण मला ते आता बघवत नाही, कारण हेक्टरी 8-10 टन पाचट नुसतं काडी लावून घालवतो आपण. त्यापेक्षा खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या पिकात, ते सरीत पसरा, वर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो कुजवणारं कल्चर टाका, शिफारसच आहे तशी.

भाजीच्या बेडला पण तेच. टोमॅटो संपला की झाड उपटत नाही, जमिनीलगत विळ्यानं कापतो, मुळी आत कुजते, तिच्या जागी बारीक पोकळी राहते आणि पावसाचं पाणी तिथनंच खाली उतरतं. मग त्याच बेडवर पाचट जरा सारून कोबीची रोपं. परवा पाचट उचलून बघितलं तर खाली गांडुळांच्या विष्ठेचे ढीगच ढीग, लय भारी वाटलं!

तण सुरुवातीला त्रास देतं, विशेषतः लव्हाळा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंच्या सगुणा भात पद्धतीत, म्हणजे न नांगरता भात घ्यायच्या पद्धतीत, तणनाशक वापरतात, मी भाजीत कापूनच काढतो, मजुरी जाते पण चालतंय.

हळदीचं मात्र जमत नाही, गड्डे काढायला रान उकरावंच लागतं, म्हणून ते रान वेगळं ठेवलंय.