वन आरकेमध्ये सागवानी वाडा आणि नॉर्डिक पांढरा: कुठे काय ठेवायचं

वाड्यातल्या खोल्या गडद असत, कारण बाहेर चौकात ऊन रणरणायचं आणि आत आलेल्या माणसाच्या डोळ्यांना गारवा हवा असायचा. स्वीडन-डेन्मार्कातली, म्हणजे नॉर्डिक, घरं पांढरी आणि फिक्या लाकडाची, कारण डिसेंबरात स्टॉकहोमला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. मिळेल तेवढा उजेड भिंतींनी खोलीत परत टाकायचा, हा त्यांचा हिशेब. या दोन शैली छोट्या घरात नांदवायच्या असतील, तर थोडं हे थोडं ते असं करण्याआधी खोलीतला उजेड बघा. कुठली शैली कुठे बसेल ते तोच सांगतो.

मुंबई-पुण्यातला नेहमीचा वन आरके घेऊ. खोली १० बाय १७ फूट, उंची ९ फूट, एका अरुंद बाजूला ५ बाय ४ ची खिडकी, दुसऱ्या टोकाला दार आणि ओटा. खिडकीतून कामापुरता उजेड आत पोचतो तो साधारण खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीड ते दोन पट अंतरापर्यंत. कड ७ फुटांवर असेल तर १० ते १४ फूट. म्हणजे खिडकीपाशी डोळे दिपतात आणि दाराकडे भर दुपारी दिवा लावावा लागतो. बहुतेक घरांत नेमकं उलटं दिसतं: काळपट मोठं कपाट मागच्या अंधारात आणि पांढरंशुभ्र टेबल खिडकीच्या झळाळीत. बदला ते. गडद सागवान खिडकीकडे न्या, फिकं सगळं मागे.

सागवानी वस्तू मोठी एकच घ्या. दोन घेतल्या की १७० चौरस फुटांत गोदामाची कळा येते. या मापाच्या खोलीला ६ बाय ३ चा जुना दिवाण सगळ्यात सोयीचा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, कुठेही जा, पण वस्तू उलटी करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. खालच्या बाजूला पॉलिश नसतं, तिथे खरं लाकूड दिसतं. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर हाताने ठोका. पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा अजून आत आहे. औषध इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकात घालावं लागतं, वरून फासून उपयोग होत नाही. वाळवीने पोखरलेला पाय मात्र दुरुस्त करत बसू नये, तो बदलायचाच.

दिवाणाची बैठक गादीसकट १७-१८ इंच यायला हवी. ४ इंची गादी धरली तर सांगाडा १४ इंचांचा. खाली चाकांवरची दुसरी खाट बसते, रात्री ती ओढली की दोघांची सोय होते. १० फूट रुंदीतून ३ अधिक ३ वजा केले तरी ४ फूट वाट उरते. चालायला २ फूट कमीत कमी, अडीच फूट आरामात, हे माप खोलीत सगळीकडे पाळा.

पॉलिश काढताना घासायच्या पेपरचे नंबर गाळू नका. ८०, मग १२०, १८०, शेवटी २२०. ८० वरून थेट २२० ला उडी मारली तर ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिशचा हात बसल्यावर ठळक दिसतात. पॉलिशवाला स्पिरिट पॉलिश सुचवेल. दिसतं ते सुरेखच, पण ते लाखेचं असतं. दमट हवेत केलं तर पांढुरकं पडतं आणि गरम कपाचा गोल डाग उमटतो. रोज वापरायच्या दिवाणाला मॅट पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) बरा. अळशीचं तेल लावायचं असेल तर पावसाळा सोडून लावा, कारण ते सुकायला फार वेळ घेतं. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कधीच टाकून देऊ नका. वाळताना तेल तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता नव्या लाकडाचा रंग. जुन्या सागाशी नवी सनमायका जुळवायचा नाद सोडा. जवळजवळ जुळलेला रंग चुकल्यासारखा दिसतो. फरक स्पष्ट असू दे, फक्त दोन्हींची झाक उबदार हवी. राखाडी झाकेची फिकी सनमायका नॉर्डिक म्हणून विकली जाते, पण लालसर तपकिरी सागाशेजारी ती मळकट वाटते. दुकानातून तुकडा आणा, दिवाणाला टेकवा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री दिव्यात बघा.

मागच्या टोकाला भिंतीच्याच रंगाचं, कोरीवकाम-हँडल काही नसलेलं कपाट. हा खरा नॉर्डिक भाग, आणि तो कंटाळवाणाच असावा. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २-२ फुटांचे तीन कप्पे. सुताराला कपाटाची खोली २४ इंच सांगाल तर तो प्लायच्या पानाच्या (शीटच्या) हिशेबाने वैतागेल. ८ बाय ४ च्या प्लायमधून करवतीची जाडी वजा जाता दोन पट्ट्या पुऱ्या २४ इंचांच्या निघत नाहीत. साडेतेवीस इंचच धरा. उभ्या ४ फळ्यांना २ पानं, वर-खालच्या फळ्यांना १, मधल्या फळ्यांना १, पल्ल्यांना (दारांना) दीड, म्हणजे १८ मिलीमीटरची ६ पानं आणायची. पाठीला ६ मिलीमीटरची २. पल्ल्याला बाहेरून १ मिलीमीटर सनमायका लावून आतून नुसता रंग मारला की सात फुटी पल्ला धनुष्यासारखा वाकतो, कारण दोन्ही बाजू ओलावा सारख्या घेत नाहीत. आतूनही पातळ सनमायका लागतेच. प्रत्येक पल्ल्याला किमान ४ बिजागऱ्या. कपाट बाहेरच्या भिंतीला असेल, त्यातही पश्चिमेच्या, तर मागे इंचभर मोकळी जागा सोडा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाठीला काळी बुरशी धरते.

भिंतींना शुभ्र पांढरा नको. आपल्या उन्हात तो निळसर आणि कोरा दिसतो. किंचित पिवळी झाक असलेला फिका रंग, मॅट, आणि छत तेवढं स्वच्छ पांढरं. या खोलीत दार, खिडकी आणि ओट्यावरच्या टाइल्स वगळून भिंती साधारण ४३० चौरस फूट भरतात. दोन हात मिळून लिटरमागे ६० चौरस फूट धरले तर सव्वासात लिटर इमल्शन, छताला आणखी ३. खिडकीच्या चौकटीभोवतीच्या भिंतीची जाडीही फिक्या रंगाची ठेवा. उजळ काच आणि गडद कड यांतला फरक कमी झाला की झळाळी कमी जाणवते.

दिवे सगळीकडे एकाच रंगाचे, ३००० केल्विन, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या आसपास. ६५०० च्या ट्यूबखाली साग करडा पडतो आणि पितळ स्टीलसारखं दिसतं. या एका ट्यूबने वरचे सगळे कष्ट वाया जातात. ओट्यापुरता ४००० चालेल.

भिंतीला घडीचं टेबल ३० बाय २० इंच, उंची २९. ही फिक्या लाकडाची वस्तू मधल्या पट्ट्यात येते. भोक पाडण्याआधी भिंत कशाची आहे ते बघा. नव्या इमारतींत वर अर्धा इंच जिप्समचं प्लास्टर असतं, त्यात अडकलेला स्क्रू टेबलासकट खाली येतो. आत सिपोरेक्स (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक) असेल तर त्याच्यासाठीच्या लांब नायलॉन गिट्ट्या घ्या, आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवा म्हणजे ब्लॉक भुगा होणार नाही. पूर्ण काँक्रीटची मायवान भिंत असेल तर उलट, हॅमरशिवाय बिट आत जातच नाही. अशा भिंतीत कोनाडा खोदण्याचा विचारही करू नका. ४ इंच खोल लाकडी पेटी टांगली की कोनाड्याचं काम होतं. झोपाळा? पुढे-मागे ६ फूट खातो. मोठ्या घरासाठी ठेवा.

पितळ तीन ठिकाणी पुरे: समई, एक घंगाळ, कपाटाची बटणं हवी तर. घंगाळात झाड लावायचं तर थेट माती भरू नका, पाणी साचून मुळं कुजतात. भोकाची कुंडी आत ठेवा, तळाला दोन विटा.

पडदे हातमागाच्या सुती कापडाचे, रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त, छताजवळ. ७ फुटी रॉडला ४८ इंच पन्ह्याचे ४ पडदे, प्रत्येकी शिलाईसकट सुमारे २.८ मीटर, म्हणजे ११.२ मीटर. कापड आटतं, म्हणून १२ मीटर घ्या आणि शिवण्याआधी धुवा. खाली ४ बाय ६ ची सतरंजी किंवा घोंगडी. घोंगडी अंगाला टोचते, जमिनीवरच शोभते. पावसाळ्याआधी कडक ऊन दाखवून कडुनिंबाचा पाला घालून घडी करा, नाहीतर कसर लागते.

खुर्ची एकच, बारीक पायांची, वेताच्या जाळीची. दोन्ही शैलींत ती बसते आणि पायांखालून फरशी दिसत राहते. जाळी सैल पडली तर लगेच बदलायला देऊ नका. खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवून सावलीत रात्रभर ठेवा, सुकताना वेत आवळतो. वरची गुळगुळीत बाजू पाणी पीत नाही, म्हणून खालूनच. काड्या तुटल्या असतील तर मात्र नवी जाळी: कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, खाचेत फेव्हिकॉल घालून वेताच्या पट्टीने ठोकून बसवायची, आणि पूर्ण सुकेपर्यंत कुणाला बसू द्यायचं नाही. ओली असताना ती ढिली दिसते. सुतार घाईने ओढून बसवतो, मग सुकताना कडेच्या काड्या तुटतात.